रुळेपर्यंत

मोइझभाईने दोन्ही व्हॉल्व्ह
गुजराती पेपरात गुंडाळून दिले.
खोक्यांवर पेन्सिलीने आकडे: पस्तीस, साडेपस्तीस.
"जुळलेली जोडी आहे काका,
अर्ध्याचा फरक कुठे नसतो?"
घरी शरयूने चष्म्यावरून आकडे वाचले.
"आपले साडेअठरा जुळले होते," म्हणाली,
आणि वाटाणे सोलायला बसली.

जुन्या दोघांपैकी एकाच्या माथ्यावरची चांदी
दुधी पडली होती. आत हवा शिरली.
कधी शिरली, कुठून, काचेला तर चरा नाही.
बावीस वर्षं लाल राहून
तो एका मंगळवारी
बातम्यांच्या मध्येच निजला.

लॅमिंग्टन रोडवर, दोन जिने चढून,
मोइझभाईने पथ्य सांगितलं, वैद्याने सांगावं तसं:
उघड्या बोटांनी काच धरू नका.
स्पीकरची वायर लावल्याशिवाय बटण दाबू नका.
आणि पहिले वीस तास
यांना चांगलं गाणं ऐकवू नका.
का, ते सांगितलं नाही.
मीही विचारलं नाही. पथ्याला कारण विचारलं
की ते पाळवत नाही.

मी गोदीच्या वजनकाट्यावर एकतीस वर्षं काढली.
ट्रक चढला की काटा थरथरतो,
पुढे जातो, मागे येतो,
ड्रायव्हर हॉर्न देतो, मुकादम शिव्या देतो,
आणि आपण थांबायचं असतं.
काटा थांबल्याशिवाय पावती फाडायची नाही.
एवढंच काम. बाकी सगळी धूळ.

म्हणून वही केली.
तास पहिला: घुंघुं. आवाज टोकेरी, पत्र्यावर चमचा ओढल्यासारखा.
तास चौथा: बाजारभाव. कांदा, तूर, हरभरा. प्रत्येक 'स' कानात टोचतो.
तास अकरा: मच्छीमारांना इशारा. समुद्र खवळलेला,
सांगणाऱ्या बाई मात्र कोरड्या ठाक.
तास एकोणीस: खालचे कारखानीस वर आले. म्हणाले,
"गाणं लावा हो एखादं. रोज काय हरभरा?"
तास वीस: पथ्य संपलं. तबकडी काढली, पुसली,
परत ठेवली. धीर झाला नाही.
तास चाळीस: मीटर लावला. एक पस्तीसवरच.
दुसरा सदतीसवर सरकलेला.
स्क्रू पाव फेरा मागे.

त्रेसष्टाव्या तासाला, दुपारी,
समोरच्या टॉवरच्या पायाचं मशीन
जेवणासाठी थांबलं होतं.
शरयू मेथी निवडत होती.
बातम्यांत धरणांतला साठा, टक्क्यांत.
ती हात थांबवून म्हणाली,
"हा माणूस आकडा वाचायच्या आधी श्वास घेतो."
मी ऐकलं. घेत होता.
छोटा, नाकातून,
अंधारात शेवटची पायरी चाचपताना घेतो तसा.
इतकी वर्षं घेत असणार.

मी लगेच फोन लावला. "रुळले का हो?"
मोइझभाई हसला.
"व्हॉल्व्ह रुळतो की कान रुळतो,
मला अजून समजलं नाही काका.
बिल मात्र मी व्हॉल्व्हचं लावतो."

आज सत्त्याऐंशी.
तबकडी अजून कपाटातच आहे.
शरयू विचारत नाही, मी काढत नाही.
रात्री बटण बंद केलं तरी
दोन्ही काचांत थोडा वेळ नारिंगी राहतं,
मग विटकरी, मग
आहे की नाही ते डोळ्यांना ठरवावं लागतं.
धातू निवताना टक्, टक् करतो.
पलंगावर शरयू कूस बदलते,
आणि बदलायच्या आधी
एक श्वास घेते, छोटा, नाकातून.

उठून वही उघडली.
कुठल्या तासात धरायचं कळेना.
अँप्लिफायर तर बंद होता.